प्रभातियं कोण तोडतं?

विसावदर
ता. ४ जानेवारी २०२५

चि. बेन पुरी हिला मोटाभाई मेणंदचे जय मुरलीधर.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण क्षेम नाही.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. जे सांगायचं आहे ते फोनबद्दलच आहे, आणि तो ऐकतो. मेंदरड्याच्या एका शिकल्यासवरल्या माणसाला खोट्या पोलिसानं दोन दिवस फोनवर धरून ठेवलं होतं, तेव्हापासून मी फोनवरचं विमानाचं चित्र दाबून ठेवतो. म्हणजे कुणाचा फोन येत नाही. वजशीनं भिंतीवर बसवून दिलेल्या वायफायच्या पेटीवर फक्त गाणी चालतात. रविवारी सकाळी तासभर विमान उतरवतो, सुरतेला वजशीशी बोलतो, परत उडवतो. वजशी चिडतो. माझा मुलगा असून त्याला बापाची काळजी कळत नाही.

तर गाण्यांचं. वजशीनं दोन वर्षांपूर्वी या फोनवर ‘सूरवाडी’ची वर्गणी भरून दिली. दर महिन्याला त्याच्या खात्यातून ते आपोआप कापून घेतात. मी पहाटे पाचला उठतो, चूल पेटवायच्या आधी एक प्रभातियं, पहाटेचं भजन, लावतो. तुझी भाभी गेल्यापासून पहाटे घरात आवाज असा तोच. पण वैशाखापासून ते पुरतं वाजत नाही. तीन-चार कडवी होतात आणि मध्येच तुटतं. वर काहीतरी लिहून येतं. मास्तरांना विचारलं (दवे मास्तर, समोरचे), तर म्हणाले, लिहिलंय की तुमचं खातं दुसऱ्या ठिकाणी वाजतंय.

दुसऱ्या ठिकाणी म्हणजे कुठे? माझ्या नावावर कोण ऐकतंय?

मी हिशोब लावला. तुझ्या किंजलच्या लग्नात मामेरू, मामाचा आहेर, घेऊन आलो होतो, तेव्हा फोन खाटेवर ठेवून जेवायला बसलो होतो. तिथे तो व्हिडिओवाला घिरट्या घालत होता. केस रंगवलेला. त्याचं नाव काय, कुणाचा, ते कळव. दुसरा संशय पेटी बसवायला आलेल्या माणसावर आहे, त्यानं माझ्यादेखत चार वेळा नंबर दाबले आणि मला तोंड फिरवायला सांगितलं. तिसरं नाव लिहू नये, पण लिहितो. रळियातबेन. दोन्ही वेळचे रोटले तीच करते, अकरा ते तीन घरात असते. नऊ वर्षं येते आहे. पण नऊ वर्षांत माणूस काय काय बघून ठेवतो.

मला वाटतं ही वर्गणीच बंद करून टाकावी. तुझं काय मत ते लिही.

तुझा मोटाभाई
मेणंद


भाणवड
ता. ११ जानेवारी

पू. मोटाभाईंना पुरीचे पाया पडणं आणि जय मुरलीधर.

पत्र गुरुवारीच मिळालं. तुमचं अक्षर पाहूनच काहीतरी बिघडलंय हे समजलं. काळजीत असलात की तुमच्या ओळी चढावर जातात.

मोटाभाई, गाणं मध्ये तुटतं यात चोर कुठून आला? म्हैसही दूध देता देता मध्येच थांबते, म्हणून आपण तिला विकत नाही. तो व्हिडिओवाला जामजोधपूरच्या लखूभाईंचा जावई आहे, त्याला तुमच्या प्रभातियांशी काय करायचंय? त्याच्या गाडीत काय वाजतं ते अख्ख्या भाणवडला ऐकू येतं. आणि रळियातबेनचं नाव पुन्हा असल्या गोष्टीत काढू नका. भाभी गेल्या त्या तेराव्यापासून ती तुमच्या ताटात रोटला टाकते आहे. वजशीनं टाकला नाही, मी टाकला नाही.

वर्गणी बंद करू नका. आता तुटणार नाही, बघा. थंडीमुळे असेल.

थंडीवरून आठवलं. बुधवारी चार वाजताच उठून बसलात, असं करू नका. छाती कशी आहे? उत्तरायणाची तीळसांकळी पाठवतेय, दात सांभाळून खा.

तुमची
पुरी


विसावदर
ता. १७ जानेवारी

चि. पुरी,

तीळसांकळी मिळाली. डबा दोरीनं बांधला होतास, दोरीची गाठ तुझीच होती, म्हणून खाल्ली.

आता नीट वाच. मी बुधवारी चार वाजता उठलो हे तुला कसं कळलं? मी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना नाही, वजशीला नाही. चार वाजता अख्खी गल्ली झोपलेली असते. सकाळी आल्यावर थंड पडलेली चहाची कपबशी बघून फक्त एका बाईला कळू शकतं. म्हणजे रळियातबेन तुला फोन करते. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघी बोलता. काय बोलता ते मी विचारत नाही, तूच लिही.

दुसरी गोष्ट. आठ तारखेला मी रळियातला तोंडावर सुनावलं की माझ्या नावावर कुणीतरी गाणी चोरतंय आणि मला सगळं माहीत आहे. ती पीठ मळत राहिली. आणि नऊ तारखेनंतर माझं प्रभातियं एकदाही तुटलेलं नाही. रोज शेवटपर्यंत वाजतं. मी तुला लिहिलं होतं आणि तिला सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही. तू भाणवडला आहेस. मग उरलं कोण?

पण खरं अजून पुढे आहे. मास्तरांनी फोनमध्ये एक यादी काढून दाखवली. त्या खात्यावर कधी काय वाजलं, सगळं तिथे उतरलेलं असतं. पहाटे प्रभातियं, ते माझं. आणि दुपारी अडीच ते तीन, रोज, न चुकता, मरसिये.

पुरी, मरसिये. आठ निरनिराळे. त्यातले तीन बहिणीनं भावासाठी म्हटलेले, पाच असेच. घरात मढं असल्याशिवाय जे बायका ओठावर आणत नाहीत, ते माझ्या नावावर, माझ्या हयातीत, रोज दुपारी लावलं जातंय. मी दुपारी दीड ते साडेतीन झोपतो. घरात फक्त ती असते.

वजशीनं दिवाळीत मला जुनागढला नेऊन छातीचा फोटो काढला, तो कागद मला दाखवला नाही, स्वतःच्या पिशवीत घातला. त्या कागदात काय आहे ते रळियातला माहीत असेल का? तिची तयारी चालली आहे का? की झोपलेल्या माणसाच्या उशाशी मरसिये लावले की त्याचं आयुष्य कमी होतं, असलं काही तिला कुणी शिकवलंय?

काल मी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं हात धुतले, घराची किल्ली झोपाळ्यावर ठेवली आणि म्हणाली, “बापा, मला तुमच्या घरात गाणं लावायचंच असतं तर लग्नाचं लावलं असतं. पंचाहत्तरीत घोडी चढला असता.” आणि गेली. चोर असती तर रडली असती. हसून गेली, म्हणून मला जास्त भीती वाटते.

मोटाभाई


भाणवड
ता. २२ जानेवारी

पू. मोटाभाई,

तुमचं पत्र वाचून माझ्या हातातली पळी खाली पडली.

रळियातबेनला परत बोलवा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी. तिनं काही केलेलं नाही. मला कसं माहीत ते विचारू नका, मोठ्या आईची शपथ घालून सांगते, तिनं मला आजवर एकदाही फोन केलेला नाही. माझ्याकडे तिचा नंबरही नाही.

चार वाजताचं मी असंच लिहिलं. म्हातारी माणसं उठतातच.

मरसिये कुणी ऐकत असेल तर त्यात वाईट काय आहे? ऐकल्यानं कुणी मरत नाही. आपल्या बाया पूर्वी शेतात निंदताना गुणगुणायच्या नाहीत का? (गुणगुणायच्या नाहीत, मला माहीत आहे, उगाच लिहिलं.) एवढंच सांगते, ज्यानं लावले त्याच्या मनात तुमच्याबद्दल पाप नाही. वर्गणी बंद करू नका. थोडे दिवस धीर धरा.

जेवता का? कुणाच्या हातचं?

पुरी


विसावदर
ता. २८ जानेवारी

चि. पुरी,

तू काहीतरी लपवते आहेस. लहानपणी भांड्यातला गूळ खाल्लास की तू आधी शपथ घ्यायचीस, मग ‘गूळ खाण्यात वाईट काय’ असं विचारायचीस. या पत्रात दोन्ही आहे. रळियातनं तुला गप्प बसवलंय. काय सांगून, ते देव जाणे.

मी काल वर्गणी बंद केली. मास्तरांना समोर बसवून. तुला वाटेल बटण दाबलं की झालं. नाही. आधी लिहून आलं, तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं. कुणाला वाईट वाटतं ते लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाले, थांबलात तर तीन महिने अर्ध्या किमतीत देतो. लग्नात रुसलेल्या व्याह्याची मनधरणी करतात तसं चाललं होतं. मग जाण्याचं कारण विचारलं. सहा कारणं त्यांनीच लिहून ठेवली होती, माझं त्यात नव्हतं. मास्तर म्हणाले, ‘इतर’वर बोट ठेवा आणि लिहा. मी सांगितलं, माझ्या हयातीत माझ्या नावावर मरसिये लावले जातात. खिडकी लहान होती. ‘माझ्या हयातीत’ एवढंच मावलं.

शेवटी मास्तर म्हणाले, झालं बंद, आता चौदा तारखेपर्यंत की काय ते चालेल, पैसे भरलेले आहेत. माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण आज पहाटे सवयीनं बोट गेलं आणि प्रभातियं सुरू झालं. बंद केल्यावरसुद्धा. म्हणजे बंद करणं हेही नाटकच. धरलेलं सोडायचं नाही असं या लोकांचं असतं. मास्तरही त्यांच्यातले निघाले तर मी कुणाकडे जाऊ?

रळियातला बोलावलेलं नाही. काल डेअरीवर दूध भरायच्या रांगेत सगळ्यांनी विचारलं, ती का येत नाही. मी खरं ते सांगितलं, की ती झोपलेल्या माणसावर मरसिये लावते. लोकांनी आपापली बरणी पुढे सरकवली. आज कळलं की वाण्याच्या घरानं आणि शिंप्याच्या घरानंही तिला कामावरून थांबवलंय. मी काही खोटं बोललो नाही.

रोटला मी स्वतः थापतो. पोटातही जातो, पण आधी हातात तुटतो.

मोटाभाई


भाणवड
ता. २ फेब्रुवारी

मोटाभाई,

पाया पडते. हे पत्र बसून वाचा. समोर मास्तर असतील तर त्यांना घरी पाठवा.

मी आहे ती. सगळं मीच आहे.

किंजलच्या लग्नात तुम्ही जेवायला बसलात, तेव्हा तुमचा फोन खाटेवरून किंजलनं उचलला. मीच सांगितलं होतं. तुम्ही कुणाचा फोन घेत नाही. पत्र यायला पाच दिवस लागतात. पाच दिवसांत एकट्या माणसाचं काय होऊन बसतं, हे मी यांच्या वेळी पाहिलंय. मी पोरीला म्हटलं, मोटाभाई पहाटे उठले की मला कळेल असं काहीतरी कर. तिनं तुमची सूरवाडी माझ्या फोनवर जोडून दिली. पहाटे पाचला माझ्या फोनवर तुमच्या गाण्याचं नाव हिरवं होतं. तेवढं बघितलं की मी उठते आणि गोठ्यात जाते. वर्षभर माझा दिवस तुमच्या प्रभातियावर उगवलाय.

कधी कधी वाटायचं, आपणही तेच ऐकावं. दोघं एकाच वेळी, लहानपणी बापू म्हणायचे तेव्हा एका गोधडीत ऐकायचो तसं. म्हणून मी नावावर बोट ठेवायची. माझ्याकडे सुरू झालं की तुमच्याकडे तुटतं, हे मला तुमच्या पत्रानं कळलं. त्या दिवसापासून बोट लावलं नाही, नुसतं बघते. तीच गोष्ट तुम्ही रळियातबेनच्या गळ्यात बांधलीत.

आता मरसिये. भाद्रपदात माझे मोठे दीर गेले. दारात पन्नास बायका उभ्या होत्या आणि एकीलाही दोन कडव्यांच्या पुढे येत नव्हतं. म्हातारी झमकू डोशी होती तोवर ती सांभाळून घ्यायची, ती गेली तर गावाचा गळाच गेला. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कुणा पोरीनं फोनवर लावला मरसिया आणि फोन ओट्यावर ठेवला. फोन रडला, आणि आम्ही छाती बडवली.

मी त्या दिवशी घरी येऊन ठरवलं. भावाचा मरसिया बहिणीनं म्हणायचा असतो, तुम्हाला मी एकच आहे. माझ्या भावाच्या दारात फोन रडणार नाही. मला फक्त अडीच कडवी येत होती. शिकायला बाई उरलेली नाही, म्हणून यंत्राकडून शिकते. घरात लावता येत नाही, सुनेनं ऐकलं तर घाबरेल. दुपारी वैरणीच्या खोपटात बसते, दार लावून, आवाज अगदी बारीक करून. ते तुमच्या यादीत उतरतंय हे मला माहीत नव्हतं.

मी तुमच्या मरणाची वाट बघत नाही. उलट आहे. पण तुम्ही शहाण्णव वर्षांचे होऊन गेलात तरी तेव्हा मला ते यायला पाहिजे. आणि तेव्हा मी एकोणनव्वदची असेन, म्हणून आत्ताच शिकते.

माझ्यावर काय रागवायचं ते रागवा. पत्र लिहू नका, दार बंद करा, चालेल. पण त्याआधी रळियातबेनच्या घरी जा. हे मी दहा दिवसांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं. तुमची पहाट माझ्या हातातून जाईल म्हणून लिहिलं नाही. त्यापायी तिची दोन घरं गेली.

पुरी


विसावदर
ता. ८ फेब्रुवारी

चि. पुरी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, हे रळियातनंच तुझ्याकडून लिहून घेतलंय. दुसऱ्या वेळी गोधडीचं वाचलं. ते कुणाला माहीत नाही.

रळियातबेनकडे गेलो. तिनं मला ओट्यावर तासभर बसवून ठेवलं, आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, जरुरीपेक्षा मोठा. मग रकाबीत चहा आणून दिला. मी पत्र वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चेटकीण म्हणालात डेअरीवर. माफी इथे ओट्यावर कशाला मागता? जिथे सांडलं तिथेच पुसा.”

मी चेटकीण हा शब्द वापरला नव्हता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत, दुधाची बरणी हातात धरून, सगळ्यांसमोर बोललो. माझी बहीण माझे मरसिये पाठ करते आहे, रळियातबेनचा काही संबंध नाही. लोकांनी पुन्हा आपापली बरणी पुढे सरकवली. वाणी म्हणाला, मग आता तिच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं. मी म्हटलं, मी ज्या तोंडानं गेलो त्याच. ती आजपासून येते आहे. पहिला रोटला माझ्यापुढे टाकून म्हणाली, “बापा, आरशात बघा जरा. तीन आठवड्यांत मरसियाजोगे झालात.”

तुझ्यावर रागवावं की नाही ते ठरत नाही. माझ्या घरात तू वर्षभर चोरून बघत होतीस. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो. पण एक विचार सारखा येतो. नऊ जानेवारीपासून माझं प्रभातियं पुरतं वाजतं, आणि मला ते बरं वाटत नाही. शेवटची दोन कडवी फार लांबण लावलेली आहेत. तुटायचं तेव्हा निदान राग यायचा, अंगात ऊब यायची.

तू पूर्वीसारखं तोडत जा. मी पाचला लावीन, तू चौथ्या कडव्याला तोड. तुटलं की मी समजेन भाणवडला गोठ्याचं दार उघडलं. माझ्या गाण्याचं नाव हिरवं झालं की तू समज. मात्र ही गोष्ट फोनवर कुणाशी बोलायची नाही.

आणि ते अडीच कडव्यांचं. तू ज्या बाईकडून शिकते आहेस ती तुमच्या भाणवडकडच्या हालारी ढंगानं म्हणते, मी मास्तरांकडून लावून घेतला. आपल्याकडे चाल एवढी ओढत नाहीत. विचारलं नाहीस म्हणून सांगतो.

मोटाभाई


भाणवड
ता. १२ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

मोटाभाई, पत्र मिळालं. उद्यापासून तोडते. चाल कमी ओढेन. पुरी


विसावदर
ता. १५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

पुरी,

गुरुवारी आणि काल बरोबर चौथ्या कडव्याला तोडलंस. आज मात्र गाणं लागलंच नाही. सात वेळा दाबलं. वर तांबड्या अक्षरांत इंग्रजी काहीतरी येतं. मास्तर सासणला लग्नाला गेलेत. रळियातबेन म्हणते फोन झोपलाय, उठेल.

तुझ्याकडे काही झालेलं नाही ना? की तू सुरू व्हायच्या आधीच तोडायला लागलीस? तसं ठरलं नव्हतं. विमान उतरवावं असं मनात येतं, पण आज शनिवार आहे, आणि इंग्रजी आलंय म्हणजे कुणीतरी टपून बसलेलं असणार.

हे पत्र अकराच्या टपालात टाकतो. मिळताच दोन ओळी लिही. दोनच पुरे.

मोटाभाई


विसावदर
ता. २२ फेब्रुवारी

चि. पुरी,

बस भाणवडला नीट पोचली असेल. शनिवारी सकाळी घाबरून लिहिलेलं माझं पत्र तुझ्या उंबऱ्याच्या आत पडलेलं सापडलं असेल. तू इकडे येत होतीस आणि ते तिकडे जात होतं, उपलेट्याच्या आसपास तुम्ही एकमेकांना ओलांडलं असणार.

मास्तर सासणहून आले. त्यांनी तांबडी अक्षरं वाचली. वर्गणी संपली, एवढंच होतं. मीच बंद केली होती, आणि चौदा तारखेपर्यंत चालेल हे मास्तरांनी तोंडानं सांगितलं होतं, मी तुला हातानं लिहिलंही होतं. आपण दोघंही विसरलो. मी समजलो, बंद झालंच नाही. मास्तर म्हणतात ही कंपनी प्रामाणिक आहे. मी म्हटलं, आधीच तसं वागायचं होतं.

तू सांगितलंस ते सगळं मी पुन्हा पुन्हा मनात घोळवतो. पहाटे तुझ्या फोनवर ना गाणं, ना हिरवं, ना यादी. किंजल सासरी, वाचून द्यायला कुणी नाही. तू ताडलंस, माणूस जातो तशी त्याची पेन्शन बंद होते, तशी गाणीही वजशीनं बंद केली. वजशीला फोन केलास, त्यानं उचलला नाही. तो बाजारात गाठोडी उतरवत होता. तू समजलीस, तो स्मशानात आहे. मग तू सुनेला दूध काढायला सांगितलंस आणि सातची बस धरलीस. रागवत नाही. तुझ्या जागी मी असतो तर हेच समजलो असतो.

पण त्या दुपारी इकडे काय झालं ते तू तोंडावर पदर ओढलेला असल्यामुळे पाहिलं नाहीस. तू इथे होतीस तोवर मला सांगता आलं नाही. म्हणून लिहितो.

मी ओट्यावर उन्हात बसलो होतो. रळियातबेन आणि मी तुरीच्या शेंगा सोलत होतो. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावरून मरसियाचा सूर आला. मी शेंग हातात धरून विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, “कळत नाही. पण गाते चांगलं.” दारं उघडायला लागली. शिंप्याची आई, वाण्याची सून, दोघी डोक्यावर पदर घेऊन तुझ्यामागे चालायला लागल्या आणि छाती बडवू लागल्या. कोण गेलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे आधी रडतात, मग विचारतात. वाण्याच्या सुनेनं तर मला ओट्यावर बसलेलं पाहिलं, मान हलवली आणि रडत राहिली. तिला वाटलं, मीही दुखवट्याला बसायला आलोय.

तू भिंतीला हात लावत लावत येत होतीस. “वीरा, तुझ्या ओट्यावर ऊन आलं, तू का नाही आलास.” मी उन्हातच होतो. मग तू बापूंचं नाव घेऊन ‘अरजणचा लेक’ म्हणालीस, आणि मला समजलं की हे माझंच चाललंय.

पुरी, मी तेव्हाच हाक मारायला हवी होती. मारली नाही. नुसता ऐकत राहिलो. तू सहा वर्षांची असल्यापासून मला कधी ‘तू’ म्हणाली नव्हतीस. मरसियात म्हणालीस. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. चाल ओढली नाहीस. बापूंच्या विहिरीचं, पोहायला शिकवल्याचं, मामेऱ्याचं सगळं त्यात होतं. यंत्रानं ते शिकवलेलं नाही, ते तू घरून आणलं होतंस. माझ्या नावाचं एवढं चांगलं मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

तिसऱ्या कडव्याला तुझा आवाज फाटला, तेव्हा मला राहवलं नाही. म्हणून म्हणालो, “पुरी, चहा घेणार का?”

पुढचं तुला माहीत आहे. तू रस्त्यात बसलीस आणि मला ज्या शिव्या दिल्यास त्या बापूंनीही कधी दिल्या नव्हत्या. तुला एवढंच माहीत नसेल की तू आत तोंड धुवायला गेल्यावर रळियातबेन माझ्याकडे बघून म्हणाली, “बापा, अजून दोन कडवी थांबला असता तर काय बिघडलं असतं?”

वजशी रविवारी येऊन गेला तेव्हा तो छातीचा कागद त्यानं पिशवीतून काढून दाखवला. त्यात काही नाही. म्हणजे काही नाही असं छापलेलं आहे. तो म्हणाला, वर्गणी पुन्हा सुरू करून देतो, दोघांना वेगळी वेगळी. मी नको म्हटलं. वेगळी घेतली तर कोण कुणाचं तोडणार? मी रोज पहाटे पाचला पाच मिनिटं विमान उतरवीन. तू फक्त फोन वाजवायचा, दोनदा. मी उचलणार नाही, तू बोलायचं नाही. तो ऐकतो. दोनदा वाजला की मी चूल पेटवीन.

आता एकच काळजी मला खाते. पुढे खरोखर माझी वेळ आली आणि तू गिरणीच्या कोपऱ्यावरून सूर लावलास, तर या गल्लीत एकही दार उघडणार नाही. म्हणतील, आली ती भाणवडची, चहा ठेवा. मी शिंप्याच्या आईला विचारून ठेवलं, तर ती म्हणाली, “आधी तुमच्या ओट्यावर बघू, मग रडू.” म्हणून त्या दिवशी रळियातबेनला पुढे पाठव. तिच्यावर आता सगळ्यांचा विश्वास आहे.

बाकी आपला हिशोब सरळ आहे. तू वर्षभर माझं प्रभातियं अर्ध्यावर तोडलंस. मी तुझा मरसिया अर्ध्यावर तोडला. फिटंफाट झाली. उरलेला अर्धा तुझ्यापाशी ठेव, अधूनमधून खोपटात म्हणत जा, विसरू नकोस.

मला घाई नाही.

तुझा मोटाभाई
मेणंद